भगवानरावांचा उजवा हात

सांगा बरं, लकवा मारलेल्या माणसाचा हात त्याच्या बायकोनं धरून वर उचलला, तर ‘हो’ कोण म्हणालं? तो का ती?

लगेच उत्तर देऊ नका. लगेच उत्तर देणारी माणसं मोताळ्याच्या बाजूला दोन फळ्या धरून उभी आहेत, आणि दोन्ही फळ्यांनी मिळून एका बाईला एकटं पाडलं आहे. तसं हात वर होण्याचं आपल्याला काय अप्रूप? ग्रामसभेत ठराव वाचतात, सरपंच मान वर करून बघतो आणि हात वर होतात. कोणाचा भीतीनं गेला, कोणाचा शेजाऱ्यानं कोपर ढोसल्यामुळं गेला, कोण विचारतं? ठराव मंजूर, चला घरी. मनकर्णाबाईला मात्र विचारणारा निघाला. तिचा पोटचा पोरगा. त्यानं दोनच शब्द विचारले आणि बाईची झोप गेली.

मनकर्णाबाईचं वावर लहान, विहिरीचं पाणी बेताचं. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावायची, जुड्या बांधायच्या आणि मोताळ्याच्या बाजारात पोतं अंथरून बसायचं, हा तिचा जन्म. सासरी तिला नाव नव्हतं. आधी ‘भगवानची बायको’, मग ‘गोविंदाची माय’. बाजारात शेजारी पोतं टाकणाऱ्या शालूबाईनं तिला एका रविवारी गावाबाहेरच्या टिनाच्या छपराखाली नेलं. तिथं येशूची प्रार्थना चालायची. लोकांना वाटतं, असल्या ठिकाणी बायका चमत्काराला भुलून जातात. चमत्कार वगैरे काही झाला नाही. प्रार्थनेला उभे राहिलेले गुलाबराव थांबले आणि म्हणाले, “बाई, तुमचं नाव काय?” आणि मग तिचं नाव घेऊन, सगळ्यांदेखत, तिच्यासाठी देवाजवळ मागितलं. मनकर्णा. आईबापानंतर ते नाव इतक्या मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं. ती पुढच्या रविवारी परत गेली, आणि मग जातच राहिली.

हे गुलाबराव म्हणजे एसटीचे रिटायर कंडक्टर. छप्पर त्यांनीच उभं केलेलं. आवाज अजून भरल्या गाडीतला, आणि देवाबद्दल बोलले तरी तिकीट सुटायचं नाही. “हे पाहा, तारणाची, मुक्तीची गाडी दाराशी उभी हाय. पण तिकीट ज्याचं त्यानं काढा लागते. बापाच्या तिकिटावर मी पोराले कधी बसू देल्लं नाही, देव कायले बसू देईन?” लोक हसायचे. मनकर्णाबाईही हसायची, पण तिचा डोळा खिडकीबाहेर असायचा.

कारण खिडकीबाहेर निंबाचं झाड होतं, झाडाखाली एक बसका दगड होता, आणि दगडावर भगवानराव. दर रविवारी तो जुन्या लुनावर तिला सोडायला यायचा आणि प्रार्थना संपेपर्यंत तिथं तंबाखू मळत बसायचा. घरचे चिडवायचे, भाऊकीचे टोमणे मारायचे, ‘बायकोनं देव बदलला आन हा ड्रायव्हर झाला.’ त्याला त्याचं काही नव्हतं. बायकोला कधी अडवलं नाही, आणि स्वतः कधी उंबरा ओलांडला नाही.

एकदा परतीच्या वाटेवर तिनं विचारलंच. “आत काऊन येत नाही तुमी?”

“इथून बी आयकू येते ना.”

“आयकू येनं अलग आन आत येनं अलग.”

“तुया देवाले माया तंबाखूचा वास सोसन का?”

“मस्करी नका करू. तो बोलावून राह्यला तुमाले.”

भगवानरावनं रस्त्यातला खड्डा चुकवला. मग म्हणाला, “बोलावू दे की. मी कुठं पळून चाल्लो? इथंच तर बसलो हावो.”

या वाक्याला काय म्हणायचं, हो का नाही? मनकर्णाबाईनं त्या दिवशी त्याला ‘नाही’ धरलं आणि रागानं घरापर्यंत बोलली नाही.

मग एके दिवशी भगवानराव विहिरीवर मोटार सुरू करायला गेला आणि तिथंच कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बुलढाण्याच्या दवाखान्यातून घरी आणला तेव्हा त्याच्याजवळ एकच आवाज उरला होता, “हं.” भूक लागली, हं. माशी बसली, हं. चहा पाहिजे का, हं. नको का, हं. डॉक्टरनं सांगितलेलं, हात आखडू द्यायचा नाही, सकाळ-संध्याकाळ धरून वर उचलायचा, खाली आणायचा. मनकर्णाबाई ते नेमानं करायची. बोलत बोलत करायची, भाजीचा भाव सांगत करायची. होता होता तिच्या हातांना अशी सवय लागली की त्याच्याजवळ बसलं, की बोटं आपोआप त्याच्या मनगटाखाली जायची.

आता लुना चालवायला कोणी नव्हतं आणि त्याला घरी एकटं टाकता येत नव्हतं. म्हणून रविवारी ती त्याला शेजाऱ्याच्या ऑटोत घालून घेऊन जाऊ लागली. निंबाखाली खुर्ची ठेवली तर तो एका बाजूला कलायचा. अशा रीतीनं भगवानराव शेवटी छपराखाली आला. उंबरा त्यानं ओलांडला नाही, त्याला ओलांडवला. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

एका रविवारी बाहेरगावचे पाहुणे बोलायला आले होते. प्रवचन संपत आलं आणि पाहुण्यांनी नेहमीप्रमाणं सांगितलं, सगळ्यांनी डोळे मिटा, कोणी कोणाकडं बघू नका, आणि ज्याला आज प्रभूला आपलं जीवन द्यायचं आहे त्यानं फक्त हात वर करावा. पेटीवर कोणीतरी एकच सूर धरून ठेवला. मनकर्णाबाईनं डोळे मिटले. मागच्या भिंतीशी, नवऱ्याच्या खुर्चीला टेकून बसलेली. आणि तिच्या बोटांनी तेच केलं जे ती रोज करायची. मनगटाखाली गेली आणि हात वर उचलला.

“हालेलूया!” पाहुणे म्हणाले. “मागे एक हात मला दिसतो आहे.”

तिनं डोळे उघडले तेव्हा भगवानरावचा उजवा हात तिच्या पंजावर हवेत होता.

तिनं काही लपवलं नाही. बाहेर आल्याबरोबर गुलाबरावांना सांगितलं, “भाऊ, धरला मीच होता.”

“आधार देल्ला, त्यात काय? म्हाताऱ्या मानसाले गाडीत चढवाले आपन हात देतोच ना,” म्हणून गुलाबराव खुर्चीपुढं वाकले. “काय जी भगवानराव, प्रभूचा स्वीकार केला ना?”

“हं,” भगवानराव म्हणाला.

झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शालूबाईनं मनकर्णाबाईला मिठी मारली. घरी आल्यावर मनकर्णाबाईनं नवऱ्याला विचारलं, “खरंच का हो?” तो म्हणाला, “हं.” तिनं विचारलं, “भात देऊ का?” तो म्हणाला, “हं.”

हिवाळ्यात भगवानराव गेला.

गोविंदा खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. बायको वंदना तिथंच. बाप गेल्याचं कळलं तसा तो आला, भाऊकीनं सरण रचायची तयारी केली होती, आणि इकडं गुलाबरावांनी आपल्या वावराच्या कोपऱ्यात, जिथं प्रार्थनेच्या मंडळीतली चार माणसं आधी पुरली होती, खड्डा खणायला माणसं लावली होती. मधे मनकर्णाबाई उभी. तिच्या एका शब्दावर सगळं.

“आई,” गोविंदा म्हणाला, “त्यायले आग तरी देऊ दे मले. तुया रविवारले मी कधी आडवा आलो का?”

“गोविंदा, त्यायनं हात वर केला होता. सभेत. सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या.”

गोविंदानं तिच्याकडं पाहिलं. “कोणता हात?”

तिची नजर स्वतःच्या बोटांकडं गेली.

“उजवा ना? उजवा तर मेला होता, आई.”

पण गुलाबरावांना शब्द देऊन झाला होता. भगवानरावाला मातीत ठेवलं. गोविंदा बांधाच्या पलीकडं उभा राहिला, मूठभर मातीसुद्धा टाकली नाही, आणि तिथून परस्पर बस धरली. तेव्हापासून त्याचा फोन नाही. वंदनाचा येतो, तोही हळू आवाजात, ‘जेवल्या का’ एवढ्यापुरता.

घर म्हणजे दोन खोल्या. पण माणूस गेल्यावर त्यांची लांबी वाढते. मनकर्णाबाई चहा ठेवायची तो जास्तीचा व्हायचा. बाजारातून आली की आधी खाटेच्या कडेला बसायची, आणि बोटं आपसूक उचलायला जायची. खाली काही नसायचं. रिकामे हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहायची. ‘कोणता हात’ हे शब्द भिंतीतून यायचे. नवऱ्यानं खरंच हो म्हटलं असेल तर तो तिला मेल्यानंतर पुढं भेटणार होता, आणि केलं ते बरोबर होतं. म्हटलं नसेल, तर तिनं पोराच्या हातातली आग फुकट हिसकावली, आणि नवराही गेला, पोरगाही गेला.

एवढं ओझं पुरे होतं. पण मंडळीला तेव्हाच वादाचं सुचलं.

नवीन पास्टर आला, कुलदीप. तरणा, गोड बोलणारा, बाहेरून धर्माचं शिक्षण घेऊन आलेला. त्यानं आल्या आल्या शिकवायला सुरुवात केली की माणूस देवाला निवडत नाही, देव माणसाला निवडतो, आणि तेही जग घडवायच्या आधी. गुलाबरावांचं डोकं फिरलं. “म्हंजे आमी इतके वर्षं लोकायले ‘या, या’ म्हणून राह्यलो ते काय नाटक होतं?”

“नाटक नाही, काका. पण तिकीट त्यानंच काढून ठेवलेलं असतं. आपण फक्त जागं होतो तेव्हा गाडीत असतो.”

“आन ज्याचं काढलं नाही तो? त्याले उतरून देता का मधातच?”

“तो देवाचा अधिकार आहे.”

“असा कंडक्टर मी असतो तर सस्पेंड झालो असतो बाप्पा!”

शास्त्रातली वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट तर दोघांनी दोन टोकांनी धरून ताणली. येशूनं त्या माणसाला हात पुढं करायला सांगितलं आणि हात बरा झाला, एवढीच गोष्ट. गुलाबराव म्हणायचे, पाहा, त्यालेच कराले लावलं ना पुढं? कुलदीप म्हणायचा, वाळलेला हात पुढं झालाच कसा? आधी ताकद कोणी दिली? वाद वाढत गेला आणि एका रविवारी गुलाबराव आपली माणसं घेऊन उठले. रस्त्याच्या पलीकडं त्यांचा रिकामा गोठा होता, तिथं पेटी ठेवली. आता इकडं छपरात एक प्रार्थना आणि तिकडं गोठ्यात दुसरी. गाव म्हणू लागलं, ‘एक देव होता तोबी वाटून घेतला यायनं.’ शालूबाई गोठ्यात गेली, आणि बाजारात पोतं उचलून समोरच्या रांगेत टाकू लागली. का? तर मनकर्णाबाई अजून कोणत्याच बाजूला गेली नव्हती म्हणून.

आणि वाळलेला हात म्हटलं की दोन्हीकडच्यांना भगवानराव आठवायचा. गुलाबरावांनी त्याला आपल्या वावरात पुरलेला. हात त्याचा स्वतःचा नसेल तर त्यांची इज्जत जाणार. कुलदीपला तर तो हात म्हणजे जिवंत दाखला: मेलेला हात, उचलणारा दुसराच. शेवटी समेटाची सभा ठरली, आणि तीत मनकर्णाबाईनं साक्ष द्यायची असंही तिला न विचारता ठरलं.

छप्पर भरलं होतं. ती पदर सावरून उभी राहिली.

“घाबरू नका, मावशी,” कुलदीप म्हणाला. “झालं तसं सांगा.”

“मीच उचलला,” ती म्हणाली. “रोज उचलत होती तसा. बोटायले सवय होती.”

गुलाबराव पुढच्या रांगेतून उठले. “बाई, म्हंजे त्यायच्या मनात नव्हतं?”

“मन मी कशी पाहू, भाऊ?”

“पाहिलंत?” कुलदीप हळूच सगळ्यांकडं वळला. “माणूस स्वतः हात उचलूच शकत नाही. देवानं या मावशींच्या हातानं...”

“पास्टर,” तिनं त्याला मधेच तोडलं. आजवर तिनं कोणालाच मधे तोडलं नव्हतं. “तुमच्या हिशोबानं, गोविंदाचे बाबा निवडलेले होते का?”

कुलदीपनं हातातलं शास्त्र मिटलं. पोरगा खोटं बोलणारा नव्हता. “ते देवालाच ठाऊक, मावशी.”

“आन गुलाबराव भाऊ, तुमच्या हिशोबानं?”

“मनातून हो म्हटलं असंल तर शंभर टक्के.”

“आन नसंल म्हटलं तर?”

गुलाबरावांनी खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. मागून कोणीतरी पुटपुटलं, “पण डावा हात तर चांगला होता ना त्याचा? मनात असतं तर डावा उचलला असता.”

मनकर्णाबाईचा चेहरा उतरला. ती खाली बसली, आणि लोक भांडत असताना उठून बाहेर निघून गेली.

कारण डाव्या हाताची गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नव्हती. तिनं उजवा हात उचलला तेव्हा डावा हात स्वस्थ नव्हता. तो आडवा आला होता आणि तिच्या मनगटावर पडला होता. घट्ट. आता तो ‘सोड’ म्हणत होता का ‘धरून ठेव’ म्हणत होता, हे ती त्या रविवारपासून रोज उलटंपालटं करून पाहत होती. छपरातल्यांना सांगितलं असतं तर अर्ध्यांनी एक अर्थ काढला असता, अर्ध्यांनी दुसरा. तिला अर्थ नको होता. तो हात ज्याच्या ओळखीचा होता असं आता जगात एकच माणूस उरलं होतं.

ती नांदुऱ्याला गाडी बदलून खामगावला गेली. कापसाचा हंगाम, जिनिंगच्या गेटवर गाड्यांची रांग. गोविंदा बाहेर आला तो केसात, भुवयांत कापसाचे तंतू घेऊन. एकदम म्हातारा दिसला, बापासारखा. त्यानं न विचारता टपरीवर दोन चहा सांगितले.

“काऊन आली?”

“वंदना बरी हाय ना?”

“हाव. काऊन आली ते सांग.”

तिनं चहा बाकड्यावर ठेवला, पोराचा उजवा हात मनगटाखालून धरला आणि वर उचलला. टपरीवरचे बघायला लागले. “असा,” ती म्हणाली. “आता तुया डावा हात माया मनगटावर ठेव. आडवा. दाबून.”

“आई, लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे. ठेव.”

त्यानं ठेवला.

“त्यायनं असा ठेवला होता. तुले सांगितलं नाही मी. कोणालेच नाही सांगितलं. आता तू सांग, काय म्हणत होते?”

“थांब म्हणत होते,” गोविंदा चटकन बोलला. त्यात राग होता, बांधाच्या पलीकडं उभा राहून आणलेला.

“असंल,” ती म्हणाली. “असंल तर मी तुयी गुन्हेगार हावो.”

गोविंदाचा हात अजून तिच्या मनगटावर होता. त्याची बोटं जरा हलली, जरा दाबली, जरा सैल झाली, जणू तोही करून बघत होता.

“नाही सांगता येत,” तो शेवटी म्हणाला. “मले बाबानं हात धरून कधी थांबवलंबी नाही आन धरून ठेवलंबी नाही. मले कसं समजन?”

जिनिंगचा भोंगा झाला. त्यानं हात काढला. चहाचे पैसे दिले, तिला बसपर्यंत सोडायला यायला वेळ नव्हता, आणि ‘घरी चल’ असं तो म्हणाला नाही. गेटाशी पोचून मात्र वळला. “जेवून निंघाली होती का?” ती हो म्हणाली. खोटं होतं.

त्यानंतर मनकर्णाबाई छपरात गेली नाही आणि गोठ्यातही नाही. पण रविवारी ती घरी राहत नाही. निंबाखाली, त्या बसक्या दगडावर जाऊन बसते. आता तिला कळलं की इथून खरंच ऐकू येतं. छपरातलं गाणं डाव्या कानात, गोठ्यातलं उजव्या कानात. दोन्हीकडं गाणं तेच असलं तरी एक कडवं मागंपुढं. कधी कुलदीप दारात येऊन म्हणतो, “मावशी, आत या ना.” कधी पलीकडून गुलाबराव ओरडतात, “बाई, इकडं जागा हाय!” शालूबाई एकदा येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, सांबाराची जुडी ठेवून गेली. मनकर्णाबाई सगळ्यांना एकच सांगते, “मी कुठं पळून चाल्ली? इथंच तर बसली हावो.” दगडाची एक बाजू ती रिकामी ठेवते.

आता तुम्हाला एक काम आहे. खामगावला गेलात, जिनिंगच्या गेटवर केसात कापूस अडकलेला गोविंदा भेटला, तर त्याला उपदेश करू नका. बाप निवडलेला होता का, हात कोणाचा होता, ते तर मुळीच काढू नका. ‘ये’ असंही म्हणू नका. एवढंच सांगा की तुझी आई रविवारी बाहेर बसते, निंबाखाली, आणि शेजारी जागा आहे. सांगाल ना?